कॉम्प्युटरचं पारदर्शक कॅबिनेट: काचेचं विकत घ्यावं की ॲक्रिलिकचं बनवून घ्यावं? (खोलीत एसी नाही)

चाळीसगावकर

राम राम मंडळी. मशीन असं आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, दोन पंख्यांचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), दोन एसएसडी, प्रोसेसरवर १५५ एमएम उंचीचा टॉवर कूलर. सगळं सध्या जुन्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये आहे. काम लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं, सलग तीन-चार तास रेंडर (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवणं) चालतो. खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब तापतो, एसी नाही, पाण्याचा कूलर आहे.

आतलं सगळं दिसेल असं कॅबिनेट हवंय. पर्याय तीन दिसतात. समोरून आणि बाजूने काच असलेलं ते मत्स्यपेटीसारखं विकत घ्यायचं, किंवा ट्रॉफी-नेमप्लेटवाल्याकडून ५ एमएम ॲक्रिलिकची अख्खी पेटी लेसरवर कापून घ्यायची, नाहीतर आहे त्याच कॅबिनेटची एक बाजू पारदर्शक करायची. कशात काय बिघडतं ते जाणकारांनी सांगावं.

गिरणाकाठ

आधी गणित. कॅबिनेटमधलं प्रत्येक तापमान खोलीच्या हवेपासून वर मोजायचं असतं. यूट्यूबवरचे रिव्ह्यू २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे प्रोसेसर ६५ दाखवत असेल तर आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तोच ८० च्या पुढे जाणार, त्यात कॅबिनेटचा काही दोष नाही. ५६०० ची मर्यादा ९० अंश. त्या टोकाला पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. जळत काही नाही, पण रेंडर लांबतो. ३०६० पूर्ण लोडवर १७० वॉट ओढतं, प्रोसेसर पाऊणशेच्या आसपास. म्हणजे तुम्ही पेटीत अडीचशे वॉटचा हीटर लावून बसणार आहात आणि हाताशी शिल्लक आहेत पाच-सात अंश. समोरून काच बंद केली की तेवढे सहज जातात.

मत्स्यपेटी वाईट असते असं नाही. लियान लीचं ओ११ डायनॅमिक २०१८ मध्ये आलं, तेव्हापासून ही तऱ्हा रुळली. पण त्या रचनेत हवा समोरून येतच नाही, ती खालून आणि बाजूने ओढावी लागते. खाली तीन, बाजूला दोन-तीन, मागे एक असे सहा-सात पंखे लावले तरच ती पेटी नीट चालते. यातली बरीच कॅबिनेटं पंख्यांशिवाय विकतात, किंमत बघताना हेच नजरेतून सुटतं. कॅबिनेटच्या आकड्यात सहा पंख्यांचे पैसे मिळवा आणि मग बोला. शिवाय खालून हवा घेणारं कॅबिनेट जमिनीवर ठेवलं की ते झाडूचं काम करतं. टेबलावरच ठेवायचं, पायांची उंची निदान २०-२५ एमएम हवी.

तुमच्यासाठी समोर पूर्ण जाळी आणि डाव्या बाजूला टफन काच, एवढंच कॅबिनेट पुरे. समोर १२० चे किंवा १४० चे दोन-तीन पंखे आत फेकणारे, मागे एक बाहेर काढणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटीफटीतून न शिरता फिल्टरवरच अडकते.

काचेबद्दल दोन गोष्टी. टफन काच मधोमध चांगला मार खाते, पण तिच्या कडेला विट्रिफाइड टाइलचा नुसता टोला बसला तरी अख्खी काच भुगा होते. स्क्रू काढताना दुसरा हात काचेखाली हवाच, आणि काढलेली काच गोधडीवर आडवी ठेवायची, भिंतीला टेकवून उभी नाही. दुसरं, टफन झालेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही की ती कापता येत नाही. भोकं आधी पाडतात, मग काच ६०० अंशांच्या वर तापवून झटक्यात गार करतात. काचवाला म्हणाला की साधी ५ एमएम बसवून देतो, तर नको म्हणा. साधी काच फुटली की सुरे होतात.

लेसर_धुळे

अख्ख्या ॲक्रिलिक पेटीबद्दल लिहितो, कारण त्यात लोक पेटी बघून मोहात पडतात आणि पाठीमागच्या बाजूला अडकतात.

४२० उंच, ४२० खोल, २२० रुंद पेटी धरली तर सहा बाजू आणि बोर्डाचा ट्रे मिळून साधारण ०.८२ चौरस मीटर शीट लागते, म्हणजे नऊ चौरस फुटांच्या आसपास. ८ बाय ४ ची अख्खी शीट घ्यायची गरज नाही, कटपीस मिळतात. ५ एमएमची शीट चौरस मीटरला सुमारे ६ किलो, म्हणजे रिकामी पेटी पाच किलो.

आता अडचणी. मदरबोर्डाबरोबर येणारी आय-ओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवतीची चौकट) पातळ पत्र्यात 'टक' करून बसावी अशी बनलेली असते. ५ एमएम जाडीत ती बसतच नाही, पोर्ट आत राहतात आणि एचडीएमआयची पिन अर्धीच जाते. एसएमपीएसचे नेहमीचे स्क्रू सहा एमएमचे, त्यातले पाच ॲक्रिलिकमध्येच संपतात, पकडायला उरतो एक आटा. तिथे ६-३२ आट्याचे १० ते १२ एमएमचे स्क्रू लागतात, एम३ चालत नाही. पंख्याचे आटा पाडत जाणारे स्क्रूही असेच आखूड पडतात. पंखा २५ एमएम जाड, शीट ५, म्हणून एम४ चे ४० एमएम बोल्ट आरपार घालून मागून नट. ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीला टेकायला पत्र्याची कड हवी, ती ॲक्रिलिकमध्ये कोरली तर कार्डाच्या वजनाने पहिला तडा तिथेच जातो.

यावर उपाय एकच आणि स्वस्त: भंगारवाल्याकडून जुनं एटीएक्स कॅबिनेट आणा, त्याचा बोर्डाचा ट्रे आणि पूर्ण पाठ रिव्हेट काढून सुट्टी करा, आणि ॲक्रिलिक फक्त उरलेल्या बाजूंना वापरा. शील्ड, स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे छोटे खांब), कार्डाचे स्लॉट, एसएमपीएसची चौकट, सगळं जागच्या जागी मिळतं. दिसायलाही वाईट नाही, पत्रा काळा मारा.

शीट कास्ट (साच्यात ओतलेली) घ्या. एक्स्ट्रूडेड (मशीनमधून दाबून काढलेली) स्वस्त पडते, पण तिच्यात ताण जास्त असतो आणि भोकांपाशी केसासारख्या भेगा लवकर येतात. दुकानदार पॉलिकार्बोनेट देत असेल तर लेसरवर त्याची कड जळून पिवळी-तपकिरी होते, ते रूटरचं (फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनचं) काम. आणि पीव्हीसी लेसरखाली अजिबात नाही, त्यातून निघणारा वायू माणसाला आणि मशीनला दोघांनाही बाधतो.

ॲक्रिलिक उन्हात वाढतं. ४२० एमएमची शीट जानेवारीच्या पहाटेच्या १२ अंशांवर आणि मेच्या ४५ अंशांवर मोजली तर जवळजवळ एक एमएमचा फरक. म्हणून ३ एमएमच्या स्क्रूला ४ एमएमचं भोक, खाली नायलॉन वॉशर, आणि स्क्रू बोटाने घट्ट झाल्यावर पाव फेराच. भोक कडेपासून १० एमएम तरी आत. बहुतेक तडे 'माल हलका होता' म्हणून जात नाहीत, पाना जास्त फिरवला म्हणून जातात.

हाताने ड्रिल मारणार असाल तर लोखंडाचं धारदार बिट ॲक्रिलिक ओढून घेतं आणि खालच्या बाजूला खपली उडवतं. बिटची धार दगडावर जराशी मोडा, खाली लाकूड घट्ट धरा, वेग कमी ठेवा. भुसा न निघता दोरे वितळून चिकटायला लागले म्हणजे वेग जास्त आहे.

चिकटवायला सगळे क्लोरोफॉर्म वापरतात. सुईने सोडलं की सांध्यात आपोआप ओढलं जातं आणि जोड काचेसारखा होतो. पण लेसरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो, ती ओली झाली की तासाभरात बारीक जाळं उठतं. कड २२० च्या पेपरने घासून ती तापलेली पातळ कातडी काढा, मग जोडा. गॅसच्या ज्योतीने कड चमकवली असेल तर तिथे क्लोरोफॉर्म नकोच. काम उघड्या गच्चीवर, खोलीत दार लावून नाही. आणि फेव्हिक्विकसारखा गम पारदर्शक शीटजवळ आणूच नका, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट धूर बसतो.

भुसावळ_लोको

एक गोष्ट राहिली. पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये कुठेही वीज उतरली तर ती पत्र्यावरून अर्थिंगला जाते. ॲक्रिलिकमध्ये तो रस्ता नाही. लेसरभाऊंनी सांगितलेला लोखंडी ट्रे वापरलात तर प्रश्न सुटला, एसएमपीएसचा स्क्रू ट्रेच्या उघड्या धातूला लागेल एवढं बघा. तिथला रंग खरवडा.

आणि मुळात घरात अर्थिंग आहे का ते तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थिंग तेवढंच, न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. थ्री-पिन सॉकेट आहे पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नाही, असं जुन्या घरांत सर्रास असतं. अशा वेळी एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे त्याच्या बॉडीवर ११०-११५ व्होल्ट दिसतात. करंट नगण्य असतो, पण यूएसबीला हात लावला की झिणझिण्या येतात. एचडीएमआय लावता-काढताना पोर्ट जाण्याचं हेही एक कारण. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, एप्रिलपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत जा.

कपाशी

उष्णतेवर सगळे बोलले, फुफाट्यावर कुणी नाही. पारदर्शक कॅबिनेट म्हणजे धूळही दिसणार, आणि ॲक्रिलिकवर ती काचेपेक्षा जास्त दिसते, कारण कोरड्या हवेत ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि धूळ ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसलंत तर दोन नुकसानं एकदम: चरे पडतात आणि वीज आणखी साठते.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की कापसाचे तंतू हवेत असतात. हे तंतू बारीक धुळीपेक्षा वाईट. ते हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी अडकून त्याचा नमदा होतो, आणि पंखा फिरताना दिसत असला तरी हवा पलीकडे जात नाही. नायलॉन जाळीचा, चुंबकाने चिकटणारा फिल्टर समोर लावा आणि जिनिंगच्या दिवसांत दर आठवड्याला नळाखाली धरा. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचा नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर उलट्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओलसर हवेने लगेच काही बिघडत नाही, पण कूलरमधून तुषार उडत असतील तर बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके बोर्डावर बसतात आणि त्या ठिपक्यांवर धूळ चिखलासारखी चिकटते. कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या आडव्या दिशेला, आणि समोरची खिडकी उघडी. हवा खोलीतून बाहेर गेली पाहिजे.

आणि मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावून टाका. पालीला तेवढी फट पुरते.

तापी_एक्सप्रेस

ॲक्रिलिक स्पिरिटने पुसा, झकास चमकतं. काच पुसायचा निळा स्प्रेही चालतो.

लेसर_धुळे

@तापी_एक्सप्रेस भो, तसं नका सांगू. सपाट शीटवर एकदा-दोनदा फरक दिसत नाही, पण भोकांच्या आणि कापलेल्या कडांच्या आसपास स्पिरिट लागलं की भेगा उठतात. थिनरने तर शीट तिथल्या तिथे दुधाळ होते. निळ्या स्प्रेमध्ये अमोनिया असेल तर तोही तेच करतो. काचेवर खुशाल मारा. ॲक्रिलिकला गार पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मायक्रोफायबर. स्टिकरचा गोंद राहिला असेल तर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, मग साबण.

चाळीसगावकर

मनापासून धन्यवाद. अख्ख्या पेटीचा नाद सोडला. जुन्याच कॅबिनेटची डावी बाजू करायचं ठरतंय, समोर जाळी आधीच आहे. माप असं काढलंय: पत्र्याची बाजू ४३० बाय ४००. चारही बाजूंनी ३० एमएम पट्टी सोडून ३७० बाय ३४० ची खिडकी कापणार. आतून ३ एमएम ॲक्रिलिक ४२० बाय ३९० चं, दुतर्फा टेपने. सध्या त्या बाजूला कार्डासमोर बारीक भोकांची जाळी आहे, ती जाईल. चालेल ना? आणि आतून एलईडी पट्टी लावायची आहे.

लेसर_धुळे

४२० बाय ३९० मोठं होतंय. पत्र्याची बाजू ज्या आकड्यांनी (हुकांनी) आणि दुमडीने कॅबिनेटात सरकते ती कडेपासून १०-१५ एमएम जागा खाते. तुम्ही कडेला पाचच सोडताय, बाजू बंदच होणार नाही. ४०० बाय ३७० घ्या. खिडकीवर चारही बाजूंनी १५ एमएम चढेल, टेप १० किंवा १२ रुंदीची बसेल आणि आकडे मोकळे राहतील. दुकानात सुतात मोजतात, ३ एमएम म्हटलं की 'एक सूत' ऐकू येईल, गोंधळू नका.

खिडकीचे कोपरे काटकोनात कापू नका. चारही कोपऱ्यांना आधी १० एमएमचं भोक मारा, मग जिगसॉला बारीक दातांचं लोखंडाचं ब्लेड लावून भोक ते भोक. वर मास्किंग टेप लावली की रंग खरवडत नाही. फॅब्रिकेशनवाला ग्राइंडर फिरवायला निघेल, त्याने कडेचा रंग जळतो आणि पत्रा ताटासारखा वाकतो. काम बाजू सुटी करूनच, कॅबिनेटपासून लांब. लोखंडाचा एक कीस बोर्डावर पडला तरी शॉर्ट होऊ शकतो. कडेला रबरी यू-बीडिंग लावणार असाल तर ते आतल्या बाजूलाही दीड-दोन एमएम उभं राहतं, ॲक्रिलिक बसणार नाही. त्याऐवजी कड कानसीने गोल करून रंगवा.

टेप एक एमएम जाडीची फोमची, व्हीएचबी जातीची घ्या. तिला लवचिकपणा असतो, ॲक्रिलिकचं उन्हाळी वाढणं ती पोटात घेते, म्हणून इथे स्क्रूपेक्षा टेप बरी. पत्रा स्पिरिटने पुसा, ॲक्रिलिक साबणाच्या पाण्याने, दोन्ही कोरडं करून दाबा आणि २४ तास आडवं राहू द्या. ॲक्रिलिक बाहेरून लावायची वेळ आली तर टेप समोरून दिसू नये म्हणून त्याच्या कडेला १५ एमएमचं काळं रेडियम (स्टिकरची पट्टी) आधी चिकटवून घ्या, पण टेप त्या रेडियमवर बसेल, तेव्हा रेडियम चांगल्या चिकटीचं हवं.

बंद करण्याआधी उंची तपासा. ॲक्रिलिक तीन आणि टेप एक, म्हणजे आतली जागा चार एमएमने कमी. टॉवर कूलरच्या टोकावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कणकेची गोळी ठेवा, जुनी बाजू बंद करून उघडा आणि दबलेल्या गोळीची जाडी पट्टीने मोजा. आठ एमएमच्या वर भरली तर बिनधास्त. पाचच्या आत असेल तर ॲक्रिलिक बाहेरून लावा.

गिरणाकाठ

कार्डासमोरची जाळी जातेय हे लेसरभाऊंनी सोडलं, म्हणून लिहितो. जुन्या कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे बऱ्याच अंशी त्या जाळीतूनच ताजी हवा ओढतात. ती गेली की कार्ड आतलीच गरम हवा फिरवत बसतं. लेसरवर शीट जातेच आहे, तर कार्डाच्या पंख्यांसमोर ५ एमएमच्या भोकांची नक्षी काढून घ्या, दोन भोकांच्या मध्ये ५ एमएम जागा, १२० बाय २४० च्या पट्ट्यात. आतून फिल्टरची जाळी. पंखाच लावायचा असेल तर १२० च्या पंख्याची स्क्रूची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत १०५ एमएमवर असतात, १४० च्या पंख्याची १२४.५ वर. पण ३ एमएमच्या शीटवर पंख्याचा आवाज घुमतो, मी नक्षीच घेईन.

बदलाच्या आधी आणि नंतर अर्धा तास तोच रेंडर लावून, खोलीचं तापमान शेजारी लिहून आकडे घ्या. नुसता '७८ आला' या आकड्याला काही अर्थ नाही.

भुसावळ_लोको

एलईडी पट्टीचं: तीन पिनची पट्टी ५ व्होल्टची, चार पिनची १२ व्होल्टची. बोर्डावर दोन्ही हेडर (पट्टी जोडायच्या पिना) शेजारी शेजारी असू शकतात आणि ५ ची पट्टी १२ वर जोर लावून बसवताही येते. पहिल्या सेकंदालाच जाते. बोर्डाच्या पुस्तिकेत व्होल्ट वाचा, मगच लावा.

चाळीसगावकर

४०० बाय ३७०, भोकांची नक्षी १२० बाय २४०, ठरलं. शीटवरचा कागद लेसरच्या आधी काढायचा की नंतर?

लेसर_धुळे

कापताना ठेवायचाच, धुराचे डाग त्यावर बसतात. कडेचा पट्टा फक्त रेडियम आणि टेपपुरता सोला. मधला भाग अगदी शेवटी, पण बाजू कॅबिनेटला लावल्यावर नाही. कागद ओढताना शीटवर चांगलीच स्थिर वीज चढते, केस उभे राहतात एवढी. दुसऱ्या खोलीत सोला, ओल्या मायक्रोफायबरने एकदा पुसा, पाच मिनिटं थांबा आणि मग बसवा. कागद महिनोन्‌महिने तसाच ठेवून उन्हात राहिला तर गोंद शीटला धरतो, म्हणून टेप पक्की झाली की त्याच दिवशी उरका.